अश्मीभूत शंखांतील इंद्रधनुष्य

आमच्या विज्ञानशाळेंतील कांचेचें कपाट बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. संमेलनाच्या दिवशीं पालकमंडळीहि तें पाहून जातात. त्याच्या वरच्या फळीवर जळगांव व नाशिककडील खाणींतून आलेले स्फटिक मांडलेले आहेत, मधल्या फळीवर कोंकणच्या किनाऱ्यावरील शंख-शिंपले आहेत, आणि अगदीं खालच्या फळीवर दोनच वस्तु आहेत. त्यांपैकीं एक म्हणजे अंगठ्याएवढा एक चपटा तुकडा. तो हातांत घेऊन खिडकीकडे वळविला म्हणजे निखाऱ्यासारखा तांबडा दिसतो. किंचित् कलता केला कीं तोच पोपटाच्या पंखासारखा हिरवागार होतो, आणि एका कोंपऱ्यांत निळ्या रंगाची रेघ चमकून जाते. दुसरी वस्तु मुठीएवढी, काळी, आणि जिलबीच्या वेढ्यांप्रमाणें गुंडाळलेली आहे. कपाट उघडलें कीं मुलांची झुंबड पहिल्या तुकड्यावर पडते. दुसऱ्या वस्तूकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. वास्तविक दोन्ही एकाच कुळांतील. हा लेख मुख्यतः त्या रंगीत तुकड्याविषयीं आहे. परंतु काळ्याविषयींहि शेवटीं चार शब्द लिहिणें आम्हांस भाग आहे, कारण त्याचें जें नुकसान झालें तें आमच्याच हातून झालें.

दोन्ही वस्तु अमोनाइट नांवाच्या प्राण्याचे जीवाश्म, म्हणजे दगडांत टिकून राहिलेले अवशेष, आहेत. अमोनाइट हा समुद्रांत राहत असे. त्याचें कवच गोगलगाईच्या शंखासारखें दिसतें, आणि म्हणूनच लोक त्यास शंख म्हणतात. परंतु गोगलगाईशीं त्याचें नातें दूरचें. कोंकणांतील कोळी ज्यास म्हाकूळ म्हणतात तो प्राणी व आठ हातांचा ऑक्टोपस हे त्याचे खरे भाऊबंद होत. अमोनाइट आपल्या कवचाच्या आंत आडव्या भिंती घालून एकामागून एक खोल्या करीत असे. स्वतः तो सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत नव्या, खोलींत राही. अंगाची वाढ होऊन ती जागा अपुरी पडूं लागली कीं थोडा पुढें सरके आणि पाठीमागें आणखी एक भिंत घाली. मागच्या साऱ्या रिकाम्या खोल्यांतून एक बारीक नळी गेलेली असे. तिच्या योगानें खोल्यांतील पाणी काढून तेथें वायु भरला जाई आणि जड कवच पाण्यांत अधांतरीं राही. प्रशांत महासागराच्या उबदार भागांत आजहि नॉटिलस नांवाचा प्राणी अशाच खोल्यांच्या कवचांत राहतो, आणि त्याच्यावरून अमोनाइटाच्या राहणीचा बराचसा अंदाज शास्त्रज्ञांनीं बांधला आहे. मात्र नॉटिलसच्या भिंती साध्या वळणाच्या असतात. अमोनाइटाच्या भिंती जेथें कवचास मिळतात तेथें त्यांस इतक्या चुण्या पडलेल्या असतात कीं कोथिंबिरीचीं पानें दाबून ठेवल्याचा भास होतो. गंमत अशी कीं ही नक्षी कवच निघून गेल्याखेरीज दिसत नाहीं. ज्याला रंग आहेत त्याची नक्षी झांकलेली, आणि ज्याची नक्षी उघडी पडली त्याचे रंग गेलेले.

या कुळाचा उदय सुमारें ४० कोटि वर्षांपूर्वीं झाला व ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, डायनोसॉर गेले त्याच सुमारास, तें समूळ नाहींसें झालें. मध्यंतरीं त्यांच्या असंख्य जाती झाल्या आणि गेल्या. म्हणूनच कोणत्या थरांत कोणती जात सांपडते हें पाहून भूशास्त्रज्ञ खडकांचें वय ठरवितात.

माणसाच्या नजरेस हे दगड फार पूर्वींपासून पडत आले आहेत, व प्रत्येक देशानें आपापल्या परीनें त्यांचा अर्थ लावला. मिसर देशांत आमोन देवाच्या मस्तकीं मेंढ्याचीं शिंगें दाखवीत. त्यांवरून अमोनाइट हें नांव पडलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें सोन्याच्या रंगाच्या 'आमोनाच्या शिंगा'ची गणना इथिओपियांतील अत्यंत पवित्र रत्नांत केली आहे. इंग्लंडांतील व्हिटबी गांवच्या लोकांस तेच दगड वेटोळें घालून बसलेले साप वाटले. हिल्डा नांवाच्या संत स्त्रीनें त्या भागांतील सापांचे दगड केले अशी तेथें दंतकथा आहे. बिनडोक्याचा साप गिऱ्हाइकास कसा पटावा, म्हणून तेथील कांहीं विक्रेते त्यावर सापाचें तोंड कोरून देत! आपल्याकडे तर अमोनाइट देवघरांतच येऊन बसला आहे. नेपाळांत मुक्तिनाथाजवळून वाहणाऱ्या काली गंडकी नदींत जे शाळिग्राम मिळतात त्यांपैकीं पुष्कळांच्या पोटांत दिसणारें 'चक्र' म्हणजे अमोनाइटाच्या कवचाचाच ठसा होय. सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वीं, हिमालय उभा राहण्याच्या कितीतरी आधीं, तेथें समुद्र होता याची ती साक्ष आहे. ज्यांच्या घरीं कार्तिकांत तुळशीचें लग्न शाळिग्रामाशीं लागतें त्यांनीं असा एखादा अमोनाइट न ओळखतां अनेकदां पाहिला असेल.

परंतु शाळिग्राम काळा, व्हिटबीचा साप करडा. मग आमच्या तुकड्यास हे रंग आले कोठून? पुष्कळ मुलांचा पहिला तर्क असा असतो कीं तो कोणीतरी रंगविला असावा. कांहीं पालकांनींहि आम्हांस हाच प्रश्न थोड्या संकोचानें विचारला आहे.

त्याचें उत्तर असें. शिंपला, खडू, चुनखडीचा दगड व अमोनाइटाचें कवच हीं सर्व मुळांत एकाच द्रव्याचीं बनलेलीं असतात. रसायनशास्त्रांत त्यास कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. या द्रव्याचे कण दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं रचले जातात. एका रचनेस कॅल्साइट व दुसरीस अ‍ॅरॅगोनाइट असें नांव आहे. अमोनाइट आपलें कवच अ‍ॅरॅगोनाइटाचें करीत असे, आणि तेंहि कसें, तर सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसणार नाहींत इतक्या पातळ चकत्या पत्त्यांच्या जोडाप्रमाणें एकीवर एक रचून. अशा रचनेवर पांढरा प्रकाश पडला म्हणजे त्याचा कांहीं भाग वरच्या चकतीवरून परततो, कांहीं तिच्या खालच्या चकतीवरून, कांहीं आणखी खालून. खालून येणाऱ्या प्रकाशास थोडें अधिक अंतर चालावें लागतें. पांढऱ्या प्रकाशांत सर्व रंग मिसळलेले असतात व प्रत्येक रंगाच्या लाटेची लांबी वेगळी असते. तेव्हां परतणाऱ्या लाटांपैकीं कांहीं रंगांच्या लाटा कवायतींतील मुलांप्रमाणें पावलास पाऊल मिळवून बाहेर येतात व त्या रंगास जोर चढतो, आणि कांहींचें पाऊल चुकून त्या एकमेकींस मारून टाकतात. चकत्या जाड असतील तर तांबडा रंग उठून दिसतो, त्याहून पातळ असतील तर हिरवा, आणि अगदीं पातळ असतील तर निळा व जांभळा. तुकडा कलता केला म्हणजे प्रकाशाची वाट बदलते, म्हणून रंगहि बदलतो. निळे-जांभळे तुकडे सर्वांत दुर्मिळ असतात. कारण इतक्या पातळ चकत्यांची रचना फार नाजुक असून ती सहसा टिकत नाहीं.

साबणाच्या फुग्यावर, किंवा पावसाळ्यांत रस्त्यावर मोटारींतून गळलेल्या तेलाच्या तवंगावर, जे रंग दिसतात त्यांचेंहि कारण याच जातीचें आहे. मोराच्या पिसाऱ्याचीं निळाई व हिरवाईहि रंगद्रव्याची नसून सूक्ष्म रचनेची आहे. या साऱ्यांत रंग म्हणून निराळा पदार्थ नसतोच. आमचा तुकडा कोणी खलबत्त्यांत घालून कुटला तर हातीं नुसती फिकट भुकटी येईल. तांबडें नाहीं, हिरवें नाहीं. (हा प्रयोग कोणी करूं नये, हें सांगणें नलगे. ज्यांस हौस असेल त्यांनीं साबणाचे फुगे करावे.)

आतां दुसरा प्रश्न. सर्वच अमोनाइटांचें कवच असें होतें, तर बहुतेक अमोनाइट रंगहीन कां? याचें कारण अ‍ॅरॅगोनाइट ही रचना फार काळ टिकणारी नव्हे. जमिनींत झिरपणारें पाणी तिला विरघळवितें, किंवा कालांतरानें उष्णता व पाणी यांच्या योगानें ती कॅल्साइटाच्या रूपांत जाते, आणि त्या उलथापालथींत चकत्यांची ती सुबक रचना मोडून पडते. द्रव्य तेंच राहतें, चमक जाते. कोट्यवधि वर्षें लोटल्यावरहि अ‍ॅरॅगोनाइट अ‍ॅरॅगोनाइटच राहिलें अशीं ठिकाणें पृथ्वीवर मोजकींच आहेत. मादागास्कर बेटाच्या वायव्य भागांत, रशियांत व्होल्गा नदीच्या कांठीं, इंग्लंडांत सॉमरसेट परगण्याच्या किनाऱ्यावर असे चमकदार अमोनाइट सांपडतात. परंतु ज्याच्या रंगांस रत्नाची योग्यता आली तो अमोनाइट कॅनडा देशाच्या अल्बर्टा प्रांतांतला, आणि आमचा तुकडा तेथूनच आलेला आहे.

अल्बर्टाच्या दक्षिण भागांत लेथब्रिज नांवाचें शहर आहे. त्याच्या आसपास सपाट गवताळ मैदानें व गव्हाचीं शेतें पसरलेलीं असून समुद्र तेथून शेंकडों मैल दूर आहे. या मैदानांतून सेंट मेरी नांवाची नदी खोल दरी कोरीत वाहते, व तिच्या दोन्ही कांठांवर काळपट, मऊ, पानापानांनीं सुटणाऱ्या खडकाच्या दरडी उघड्या पडल्या आहेत. सात ते साडेसात कोटि वर्षांपूर्वीं येथें समुद्र होता. त्याआधीं तर तो उत्तर ध्रुवाकडून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेला असून त्यानें उत्तर अमेरिकेचे दोन तुकडे केले होते. भूशास्त्रज्ञ या शेवटच्या समुद्राच्या थरांस बेअरपॉ असें नांव देतात. त्याच्या पाण्यांत प्लासेंटिसेरास जातीचे, वीतभरापासून हातभरापर्यंत रुंदीचे, चकतीसारखे अमोनाइट राहत. आणि त्यांच्या सोबतीस बॅक्युलाइट नांवाचे, वेटोळें न घालतां काठीप्रमाणें सरळ वाढणारे त्यांचे भाऊबंदहि होते.

पश्चिमेकडे ज्वालामुखी धुमसत होते. त्यांची राख वाऱ्याबरोबर येऊन समुद्रांत पडे व तळाच्या चिखलांत मिसळे. या राखेपासून पुढें बेंटोनाइट नांवाची चिकणमाती झाली. तिचा गुण असा कीं ती पाण्यानें फुगते आणि मग पाण्यास आंत शिरूं देत नाहीं. मेलेल्या अमोनाइटाचें कवच तळाशीं गेलें, चिखलांत पुरलें गेलें, आणि लोणच्याच्या बरणीस दादरा बांधावा तसें या मातीनें त्यास बंद करून टाकलें. वरच्या थरांच्या भारानें तें चेपलें, त्यास तडे गेले. पण पाणी फारसें न लागल्यामुळें चकत्यांची रचना टिकली. आमच्या तुकड्यावर ज्या बारीक रेघा दिसतात व ज्यांमुळें रंगांचे चौकोन-त्रिकोण पडल्यासारखे वाटतात, ते हेच तडे होत. रंगाचा थर एक मिलिमीटरहूनहि पातळ आहे. बाकीचा सारा नुसता खडक.

या प्रदेशांतील मूळचे रहिवासी ब्लॅकफूट लोक. त्यांस हे दगड गोऱ्या लोकांच्या कितीतरी आधींपासून परिचित आहेत. अमोनाइटास व विशेषतः बॅक्युलाइटाच्या तुटलेल्या खंडास ते 'इनिस्किम' म्हणतात. आपण त्याचा अर्थ 'रानगव्याचा दगड' असा करूं. बॅक्युलाइट खोलीखोलीशीं तुटतो, आणि अशा एका खंडास कधीं कधीं चार पाय व पाठीचा उंचवटा असल्यासारखा आकार येतो. तो पाहिला म्हणजे बायसन, म्हणजे तिकडील रानगवा, आठवल्यावांचून राहत नाहीं. त्यांच्यांत गोष्ट सांगतात कीं एका कडक हिवाळ्यांत गवे दिसेनासे झाले व लोकांची उपासमार होऊं लागली. तेव्हां एका स्त्रीस रानांत गाण्याचा सूर ऐकूं आला. शोध घेतां तो एका दगडाचा निघाला. दगडानें तिला आपलीं गाणीं शिकविलीं. तिनें तो घरीं नेऊन तीं लोकांस शिकविलीं, आणि गव्यांचे कळप परत आले. हे दगड त्यांच्या पवित्र गांठोड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. ब्लॅकफूटांपैकीं कैनाई शाखेच्या राखीव भूमींतहि या रंगीत अमोनाइटाचे थर आहेत. तेथें त्यांच्या संमतीवांचून कोणासहि एक खडासुद्धां उचलतां येत नाहीं.

रत्न म्हणून या कवचाची ख्याति मात्र अलीकडची आहे. त्यास अ‍ॅमोलाइट असें व्यापारी नांव मिळालें, १९८१ सालीं जवाहिऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघानें त्यास रत्नांत स्थान दिलें, व पुढें अल्बर्टा प्रांतानें त्यास आपलें अधिकृत रत्न ठरविलें. तें इतकें मऊ आहे कीं साध्या चाकूनें चरा पडतो. म्हणून अंगठींत बसवितांना त्यावर बहुधा पारदर्शक स्फटिकाचें टोपण चढवितात. अखंड व निर्दोष कवच क्वचितच मिळतें. दुकानांत जे मोठे, गुळगुळीत, सर्वांगीं झळकणारे अमोनाइट दिसतात त्यांपैकीं पुष्कळ तुकडे जुळवून व भेगा भरून सजविलेले असतात. यांत फसवणूकच असते असें नाहीं, प्रामाणिक विक्रेता तें सांगून देतो. पण विकत घेणाऱ्यानें विचारलें पाहिजे.

रत्नासाठीं जमीन खणली जाते तेव्हां शास्त्राची हानि होते अशी समजूत आहे, आणि ती पुष्कळदां खरीहि असते. अल्बर्टांत मात्र उलटेंहि घडलें आहे. २००७ सालीं अ‍ॅमोलाइटाच्या एका खाणींत यंत्रानें माती काढीत असतां मोठ्या हाडांची रांग लागली. खाणवाल्यांनीं काम थांबवून तेथील रॉयल टिरेल संग्रहालयास कळविलें. २०१२ सालीं त्या प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. तो अल्बर्टोनेक्टिस नांवाचा समुद्रांतील सरपटणारा प्राणी असून त्याची एकंदर लांबी ११ मीटरांहून अधिक, व त्यांत एकट्या मानेची लांबी सुमारें ७ मीटर आहे. मानेचे मणके ७६. इतके मणके दुसऱ्या कोणत्याहि ज्ञात प्राण्याच्या मानेंत सांपडलेले नव्हते. माणसाच्या मानेंत सातच असतात, आणि जिराफाच्याहि सातच!

याच थरांतील अमोनाइटांविषयींचा एक वाद आम्हांस फार मनोरंजक वाटतो. कांहीं कवचांवर वाटोळीं भोकें असतात. १९६० सालीं कॉफमन व केसलिंग या दोघां शास्त्रज्ञांनीं दक्षिण डकोटांतील अशा एका कवचाचा बारीक अभ्यास करून दाखविलें कीं भोकें ओळींत असून त्या ओळी मोसासॉर नांवाच्या प्रचंड समुद्री सरड्याच्या जबड्याशीं जुळतात. म्हणजे त्यानें अमोनाइटास अनेकदां चावा घेतला. पुढें १९९८ सालीं दुसऱ्या कांहीं शास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें कीं हे दांतांचे व्रण नव्हतच. खडकांस चिकटून राहणाऱ्या लहान गोगलगाईंसारख्या प्राण्यांनीं कवचावर बसून कोरलेल्या त्या बैठका होत. लगेच २००१ सालीं आणखी दोघांनीं उलट बाजू मांडली, व निदान पुष्कळशीं भोकें दांतांचींच आहेत असें म्हटलें. आतां विचार करा: एखाद्या हौशी मनुष्यानें कवच सुंदर दिसावें म्हणून तीं भोकें लांबी भरून बुजविलीं असतीं, तर हा वाद करावयास दोन्ही पक्षांच्या हातीं काय राहिलें असतें?

यासाठींच अल्बर्टा प्रांताचा कायदा कडक आहे. १९७८ सालापासून तेथील भूमींत सांपडणारे जीवाश्म सरकारचे, म्हणजे सर्व जनतेचे, मानले जातात. जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन पृष्ठभागावर मोकळा पडलेला जीवाश्म उचलतां येतो. परंतु उचलणारा त्याचा मालक होत नाहीं, केवळ रक्षक होतो. खणावयाचें असल्यास परवाना लागतो. तो विकणें किंवा प्रांताबाहेर नेणें हें सरकारनें लेखी हक्क सोडल्याखेरीज करतां येत नाहीं. आमचे एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त तिकडे असतात. एका शेतकऱ्याच्या परवानगीनें नदीकांठीं फिरतांना, पूर ओसरल्यावर दरडीच्या पायथ्याशीं त्यांस हा तुकडा दिसला. शाळेच्या कपाटासाठीं पाठवितों असें त्यांनीं लगेच लिहिलें. पण अर्ज, छायाचित्रें व उत्तर येण्याची वाट पाहणें यांत बराच काळ गेला, आणि पत्रानंतर जवळजवळ वर्षानें तुकडा आला. एवढ्याशा दगडासाठीं इतका खटाटोप कशास, असें आम्हीं त्यांस मध्यंतरीं लिहिलें होतें. तें लिहावयास नको होतें, असें आतां वाटतें.

कारण दुसऱ्या, काळ्या अमोनाइटाची हकीकत आम्हांस ठाऊक होती. कांहीं वर्षांपूर्वीं संमेलनाच्या आदल्या दिवशीं आम्हीं सारें कपाट रिकामें करून वस्तु धुवावयास काढल्या. काळ्या अमोनाइटाच्या पाठीवर पिवळट, मळकट कागदाचा एक कपटा चिकटलेला होता. त्यावर बारीक अक्षरांत कांहीं लिहिलेलें होतें, पण पाहुणे यावयाचे होते व आम्ही घाईंत होतों. साबण व ब्रश घेऊन तो खरवडून काढला. दगड स्वच्छ झाला. पुढें एकदां भूशास्त्राचे एक प्राध्यापक शाळेंत आले असतां त्यांनीं तो हातांत घेऊन विचारलें, "हा कुठला?" आम्हीं जुनी नोंदवही काढली. तींत एवढेंच होतें: 'अमोनाइट, नग १.' कोणी दिला, कोठून आणला, कोणत्या थरांतून निघाला, सारें त्या कागदावर असलें पाहिजे, आणि तो कागद मोरींतून वाहून गेला होता. प्राध्यापकांनीं तो हळूच परत फळीवर ठेवला.

कागदाच्या कपट्यावर काय अवलंबून असतें याचें एक उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. फर्डिनंड स्टोलिचका हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील एक शास्त्रज्ञ. त्यांनीं कच्छ प्रांतांतील खडकांची पाहणी करून तेथील गांवांच्या व स्थळांच्या नांवांवरून पच्छम, चारी, कटरोल व उमिया असे थरांचे चार विभाग पाडले व थरवार जीवाश्म जमविले. परंतु त्यांवर ग्रंथ लिहिण्यापूर्वींच ते मध्य आशियाच्या मोहिमेवर गेले आणि परत येतांना १८७४ सालीं लडाखांत मरण पावले. त्यांच्या संग्रहावरून व टिपणांवरून कच्छच्या अमोनाइटांचें वर्णन विल्हेल्म वागेन यांनीं १८७३ ते १८७५ या काळांत प्रसिद्ध केलें. टिपणें नसतीं तर वागेन यांच्यापुढें दगडांच्या राशीपलीकडे काय असतें? चारी व कटरोल हीं नांवें कच्छच्या भूशास्त्रांत अजूनहि चालू आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं सह्याद्रींत अमोनाइट शोधण्याचा बेत केल्याचें आमच्या कानीं आलें आहे. त्यांची निराशा करणें भाग आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळाचा बनलेला आहे तो समुद्राच्या तळाचा गाळ नसून जमिनीवर पसरलेला ज्वालामुखीचा रस आहे. आणि त्याचे लोट येथें वाहत होते तोच काळ शेवटचे अमोनाइट नष्ट होण्याचा. त्या विनाशांत एका प्रचंड उल्केचा आघात मुख्य असावा असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, आणि आपल्या या ज्वालामुखींचा वांटा किती, याची चर्चा अद्याप चालू आहे. तेव्हां आपल्या घाटांत स्फटिक शोधावे. अमोनाइटासाठीं कच्छ, जैसलमेर, तामिळनाडूंतील अरियलूर किंवा स्पितीचें खोरें येथें जावें लागेल, आणि तेथेंहि आधीं परवानगी विचारावी.

ज्यास कोठलाहि संग्रह करावयाचा आहे, मग तो दगडांचा असो वा शिंपल्यांचा, त्यानें खिशांत वही व पेन्सिल बाळगावी. वस्तु उचलण्यापूर्वीं तिचें जागेवरच छायाचित्र किंवा चित्र घ्यावें. गांव, ओढा किंवा दरड, जमिनीपासून उंची, तारीख, आणि वस्तु खडकांत रुतलेली होती कीं सुटी पडलेली होती, हें तेथेंच लिहावें. घरीं जाऊन लिहूं म्हटलें कीं तें राहतें. दगडाच्या निस्तेज बाजूस पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईनें क्रमांक घालावा व तोच क्रमांक वहींत नोंदवावा. नुसती चिठ्ठी चिकटवून भागत नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. रंगीत कवचास लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर कदापि लावूं नये. आंबट पदार्थानें चुन्याचें द्रव्य फसफसून विरतें व रंगाचा थर क्षणांत जातो. ओल्या मऊ फडक्यानें हलकेच पुसावें, कापसावर ठेवावें, आणि इतर दगडांशीं घासूं देऊं नये.

अल्बर्टाच्या तुकड्यावर आतां क्रमांक घातलेला आहे. नोंदवहींत त्याच्यापुढें नदीचें नांव, कांठ, थर, तारीख, शोधणाऱ्याचें नांव व सरकारी पत्राचा आंकडा इतका मजकूर आहे कीं एक पान पुरलें नाहीं. काळ्या अमोनाइटाजवळहि आम्हीं एक नवी चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर लिहिलें आहे: 'अमोनाइट. स्थळ अज्ञात. मूळ चिठ्ठी धुतांना नष्ट झाली.' खालीं धुणाऱ्याची सही आहे.